रक्तदात्याची आणि अवयवदात्याची पगारी रजा : अर्जापासून रुजू होईपर्यंत

मी सांगलीत एका केंद्र सरकारी कार्यालयात नोकरी करते. धाकट्या भावाला किडनी द्यायचं घरात ठरलं, तेव्हा डॉक्टर, तपासण्या, पैसा यांवर बोलायला माणसं भेटली. रजेबद्दल नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. त्यानंतर मिरज, कुपवाड, कराड, साताऱ्याकडून ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन यायला लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच : "ताई, सुट्टीचं कसं जमवलंत? पगार कापला का?" त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगत आले, ते इथे सलग लिहिते.

अडचणीचं मूळ आधी समजून घ्या. दाता आजारी नसतो. रजेच्या छापील नमुन्यात आजारपण असतं, बाळंतपण असतं, घरगुती कारण असतं. पण धडधाकट माणूस आपणहून ऑपरेशन टेबलावर जातो, त्याच्यासाठी त्या कागदावर जागाच नसते. माझा पहिला अर्ज आस्थापना शाखेतून (कर्मचाऱ्यांच्या रजेच्या नोंदी सांभाळणारी शाखा) परत आला, त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आजाराचं नाव नाही." मी टेबलापाशी गेले तर समोरचे काका मनापासून गोंधळलेले. "बाई, मला काहीतरी लिहायला लागेल ना. मी काय लिहू?" त्यांची चूक नव्हती, त्यांच्या सगळ्या नोकरीत असा अर्ज पहिल्यांदाच आला होता. तुमच्याही कार्यालयात तुम्ही पहिलेच असणार, हे धरूनच चाला. म्हणजे नियम कोणता, तो कुठे लिहिलाय आणि त्याला कोणते कागद लागतात, हे तुम्हालाच घेऊन जावं लागेल.

हा लेख जिवंतपणी रक्त, प्लेटलेट किंवा अवयव देणाऱ्या नोकरदारांसाठी आहे. नेत्रदान, देहदान, मरणोत्तर अवयवदान यांचा रस्ता वेगळा.

१. तुमची नोकरी कुठल्या खात्यात मोडते ते आधी पाहा

निम्मा गोंधळ इथेच होतो. व्हॉट्सअपवर "सरकारी कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांची रजा" असा मजकूर फिरतो आणि झेडपीतला शिक्षक, एसटीचा कंडक्टर, बँकेतला क्लार्क, सगळेच तो आपल्यासाठी आहे असं धरून चालतात. तो आदेश केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागानं २५ एप्रिल २०२३ रोजी तो काढला.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. केंद्राचा आदेश तिथे आपोआप चालत नाही. त्यांनी आस्थापना शाखेत "अवयवदात्यासाठी आपल्या विभागाला लागू असलेला शासन निर्णय कोणता?" असं लेखी विचारावं आणि शासन निर्णयांच्या सरकारी संकेतस्थळावरही स्वतः शोध घ्यावा. विशेष रजा मिळो न मिळो, वर्षाला ३० दिवस जमा होणारी अर्जित रजा आणि २० दिवस जमा होणारी अर्धवेतनी रजा तुमच्या खात्यावर असतेच. वैद्यकीय दाखल्यावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण पगार घेता येतो. मात्र एका दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे रजा लेखा पाहून शिल्लक किती ते लिहून आणणं.

बँका, विमा कंपन्या, एसटी, महावितरण, विद्यापीठं यांचे आपापले सेवानियम आहेत. तिथे "सरकारी" या एका शब्दावर विसंबू नका. मनुष्यबळ विभागाकडून तुमच्या संस्थेचं परिपत्रक मागा.

खासगी नोकरीचं पुढे स्वतंत्र लिहिलं आहे, कारण तिथली वाट सगळ्यात अवघड आहे.

२. रक्तदान : त्याच दिवसाची रजा, वर्षातून चारदा

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २९ डिसेंबर २०१७ चा आदेश आहे. परवानाधारक रक्तपेढीत कामाच्या दिवशी रक्त दिलं, किंवा यंत्रावर प्लेटलेट, प्लाझ्मा, तांबड्या पेशी असा रक्ताचा एखादाच घटक दिला, तर त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा, म्हणजे तुमच्या शिल्लक रजेतून वजा न होणारी पगारी रजा, मिळते. वर्षातून जास्तीत जास्त चार वेळा. पुरावा जोडावा लागतो.

चार हा आकडा नीट जुळतो. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे वर्षात साधारण चारच वेळा देता येतं. स्त्रियांसाठी अंतर १२० दिवसांचं आहे. प्लेटलेटचं गणित वेगळं. ४८ तासांचं अंतर ठेवून आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून २४ वेळांपर्यंत देता येतात. पण रजा चारच दिवसांची, हे प्लेटलेट देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता यातल्या अडकण्याच्या जागा.

आपल्याकडची बरीचशी शिबिरं गणपतीत, शिवजयंतीला किंवा रविवारी असतात. सुट्टीच्या दिवशी रक्त दिलं तर त्याच्या बदली दुसऱ्या दिवशी रजा मागता येत नाही. शिबिराला जरूर जा, फक्त रजेचा हिशेब त्यात धरू नका.

शिबिरात मिळणारं रंगीत प्रशस्तिपत्र आणि रक्तपेढीचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाच्या अध्यक्षांची सही असलेला, फोटोवाला कागद फ्रेम करायला छान असतो. ऑफिसात तो चालत नाही. रक्तपेढीचं नाव, परवाना क्रमांक, तुमचं पूर्ण नाव, तारीख आणि रक्तपेढीचा शिक्का असलेला कागद तिथल्या तिथे मागून घ्या. नावाचं स्पेलिंग ऑफिसच्या नोंदीप्रमाणेच आहे ना, हे उठण्याआधी बघा.

सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय असो, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सिव्हिलच्या रक्तपेढीत रांग दिसली म्हणून परत फिरू नका. एप्रिल-मे महिन्यांत कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि तेव्हाच रक्त कमी पडतं. तेव्हा कामाच्या दिवशी जाऊन दिलेली एक पिशवी फार मोलाची असते, आणि ती रजा ठेवलीय ती याचसाठी.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, या मुख्य अटी. ५५ किलोच्या वर वजन असेल तर ४५० मिलिलिटर घेता येतं, त्याखाली ३५०. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांना कळकळीनं सांगते : पाळी संपवून, झोप न घेता थेट रक्त द्यायला जाऊ नका. आणि रक्त दिल्यावर त्याच दिवशी प्रेसवर, क्रेनवर किंवा उंचावर काम करू नका. पगारी रजा असो वा नसो, तो दिवस विश्रांतीचाच ठेवा.

३. अवयवदान : तपासण्यांचे दिवस रजेत येत नाहीत

४२ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. पण ही रजा दवाखान्यात भरती होण्याच्या दिवसापासून मोजतात. डॉक्टरांनी शिफारस केली तर शस्त्रक्रियेच्या आधी जास्तीत जास्त एक आठवडा धरता येतो. त्याच्या आधीच्या फेऱ्या तुमच्या खिशातून.

आणि फेऱ्या होतात. रक्तगट, ऊती जुळणी, क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळतं का ही चाचणी), किडनीचा स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी, हृदयाची तपासणी, स्त्री असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, शिवाय प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढची मुलाखत. दवाखाना पुण्याचा असेल तर सांगलीहून पहाटेची एसटी धरली तरी दिवस जातोच. साताऱ्याकरांना थोडं सोपं पडतं, पण अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत काही होत नाही.

त्यामुळे देण्याचं मनात आलं त्या दिवसापासून नैमित्तिक रजा जपून वापरा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला ८ नैमित्तिक रजा असतात. त्या लग्नकार्यात, जत्रेत संपल्या की तपासण्यांना अर्जित रजा मोडावी लागते. दुसरं, दवाखान्यातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही नोकरी करता आणि बाहेरगावहून येता. नोंदणीकृत प्रत्यारोपण केंद्रात समन्वयक असावाच लागतो. सांगितलं तर दोन-तीन तपासण्या एका दिवसात बसवून देतात. न सांगितलं तर प्रत्येकीची वेगळी तारीख पडते. प्रत्येक फेरीला तारीखवार हजेरीचा कागद मागा, त्याची एक फाईल करा.

४. कायद्याचे कागद आणि रजेचे कागद एकत्रच जमवा

अवयवदानाला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, त्यातली २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम लागू आहेत. जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. चुलतभाऊ, मामा, मेव्हणा, वहिनी, जिवाभावाचा मित्र, हे कायद्यानं "जवळचे" नाहीत. त्यांना प्राधिकार समितीची परवानगी लागते. तिथे आर्थिक परिस्थिती आणि नात्यामागचं कारण बारकाईनं तपासतात, आणि वेळ जास्त लागतो. हे आधी माहीत असलं तर रजेची तारीख ठरवताना घाई होत नाही.

दात्याचं वय १८ पूर्ण हवं. जवळच्या नातेवाइकांसाठी नमुना १, पती-पत्नीसाठी नमुना २ आणि इतरांसाठी नमुना ३ अशी संमतीपत्रं असतात. दाता आणि रुग्ण यांचा एकत्रित अर्ज नमुना ११ मध्ये. हे नमुने समन्वयक देतो. तुम्ही जमवायचे ते कागद असे :

- दोघांची आधार, पॅन, मतदार ओळखपत्रं
- शिधापत्रिका, शक्यतो जुनी, दोघांची नावं एकत्र असलेली
- जन्मदाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले
- पती-पत्नी असल्यास विवाह नोंदणीचा दाखला आणि जुने फोटो
- भावंडं असल्यास वंशावळ आणि कुटुंबाचे एकत्र फोटो
- नोकरीचं ओळखपत्र आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या

लग्न झालेल्या बहिणीचं नाव सगळीकडे वेगळं असतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, सेवापुस्तकात कधी दोन्ही. माझ्या फाईलमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न यावरच आले. नाव बदलल्याचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. लग्नाची नोंदणी झालेलीच नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत ते काम आजच सुरू करा.

स्त्री दात्याबाबत २०१४ च्या नियमांत जास्तीची काळजी सांगितली आहे. तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती ही रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घेतात. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच जास्त आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणींना "तुला काय वाटतं?" असं घरात कुणी विचारलेलंच नसतं. मुलाखतीत तुम्हाला एकटीला विचारलं तर मनात असेल तेच सांगा. शस्त्रक्रियेच्या आधी कोणत्याही क्षणी नाही म्हणता येतं.

५. अर्ज : शस्त्रक्रियेची तारीख नक्की व्हायच्या आधीच द्या

समितीची मंजुरी आली की डॉक्टर जवळची तारीख देतात, कारण रुग्णाला थांबणं परवडत नसतं. त्या आठवड्यात ऑफिसात धावपळ करायला तुमच्यात बळ नसतं. म्हणून अर्ज दोन टप्प्यांत करा. आधी "अंदाजे अमुक महिन्यात" असा सूचनावजा अर्ज, आणि तारीख मिळाली की दुसरा. साधारण असा :

विषय : सख्ख्या भावास मूत्रपिंडदान करण्यासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळणेबाबत.
संदर्भ : कार्मिक व प्रशिक्षण विभाग, कार्यालयीन ज्ञापन, दि. २५ एप्रिल २०२३.
महोदय/महोदया,
माझ्या भावावर अमुक रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण होणार असून मी त्याची जिवंत दाता आहे. १९९४ च्या कायद्यानुसार आवश्यक मंजुरी मिळाली आहे. डॉक्टरांच्या शिफारशीनुसार दि. ... पासून ... दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मंजूर करावी, ही विनंती. सोबत : डॉक्टरांचं शिफारसपत्र, मंजुरीची प्रत, संदर्भीय ज्ञापनाची प्रत.

"सोबत" नंतरचा तिसरा कागद विसरू नका. आदेशाची छापील प्रत अर्जाला टाचलेली असली की समोरच्याला शोधावं लागत नाही. आस्थापना शाखेतल्या त्याच काकांनी ती प्रत वाचली, दोन ओळींखाली पट्टी ठेवून रेघ मारली आणि फाईल त्याच दिवशी वर पाठवली.

शिफारसपत्रात काय हवं ते डॉक्टरांना नेमकं सांगा : दात्याचं नाव, कोणता अवयव, भरती होण्याची तारीख, विश्रांतीचे दिवस, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. शस्त्रक्रिया केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मान्यता नसलेल्या खासगी दवाखान्यात होणार असेल, तर तिथल्या संबंधित विभागप्रमुखानं प्रमाणित केलेला वैद्यकीय दाखला लागतोच. हे शस्त्रक्रियेनंतर मागायला गेलं तर विभागप्रमुख परिषदेला गेलेले असतात, आणि तुम्ही टाके सांभाळत बाकड्यावर बसून राहता. भरती व्हायच्या आधीच मागा.

अर्जाची पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही. "अहो, घरचंच ऑफिस आहे, पोच कसली?" असं म्हणतील. तरी घ्या. आणि निघण्याआधी मंजुरीचा आदेश हातात, निदान मोबाईलमध्ये फोटो म्हणून, असू द्या. तोंडी "जा तुम्ही, काळजी करू नका" याला पुढच्या महिन्याच्या पगारबिलात काही अर्थ उरत नाही. साहेब मनानं कितीही चांगले असले तरी त्यांची बदली होऊ शकते.

कारण किती जणांना सांगायचं हे तुम्ही ठरवा. अर्ज वरिष्ठांना आणि आस्थापना शाखेला कळणं पुरेसं आहे.

तारीख पुढे गेली तर लगेच लेखी कळवा. रुग्णाला ताप आला, संसर्ग झाला, क्रॉसमॅच बदलला, अशा कारणांनी तारखा हलतात. जुन्या तारखेची मंजुरी तशीच राहिली तर हजेरीपटात घोळ होतो.

६. ४२ दिवस कसे वापरायचे

अवयव कोणताही असो, शस्त्रक्रिया कोणतीही असो, कमाल मर्यादा ४२ दिवसांची आहे. ती रजा सहसा सलग घ्यायची असते. डॉक्टरांनी शिफारस केली तर तुकड्यांत घेता येते. दुसऱ्या कुठल्याही रजेला ती जोडता येत नाही. अपवाद एकच : शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर.

किडनी दुर्बिणीनं काढली तर दाता साधारण तीन ते पाच दिवसांत घरी येतो आणि बसून करायच्या कामावर चार ते सहा आठवड्यांत परतू शकतो. म्हणजे टेबलावरच्या नोकरीला ४२ दिवस पुरतात. यकृताचा भाग देणाऱ्याचं तसं नसतं. उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून भरतं, पण जखम मोठी आणि थकवा लांबतो. दोन-तीन महिने लागू शकतात. पोस्टमन, लाईनमन, पोती उचलणारे, फिरतीवरचे लोक, यांना किडनी दिल्यावरही लगेच मूळ काम झेपत नाही. अशांनी डॉक्टरांना आपण नोकरीत नेमकं काय करतो ते सांगावं. "ऑफिसला जातो" एवढंच सांगितलं तर डॉक्टर खुर्चीतल्या कामाचा हिशेब करून दिवस लिहितात. रुजू झाल्यावर काही आठवडे हलकं काम देण्याची शिफारस त्याच पत्रात मागून घ्या.

एक गोष्ट सगळ्याच घरांत राहून जाते. भरती दोघं होतात, दाता आणि रुग्ण, बहुतेक वेळा वेगवेगळ्या मजल्यांवर. म्हणजे सोबतीला माणसं दोन लागतात. दात्याची विशेष रजा दात्यापुरतीच. सोबत राहणाऱ्या नवऱ्याला, दिराला, बहिणीला स्वतःची अर्जित रजा काढावी लागते. आमच्याकडे सगळं लक्ष भावाकडे आणि माझ्या उशाशी पहिल्या रात्री कोण, हे ठरलंच नव्हतं. शेवटी जाऊबाई तासगावहून आल्या. हे आधी ठरवा, नावानिशी ठरवा.

आणि घरी आल्यावरची रजा? ऑफिसनं ४२ दिवस दिले म्हणून स्वयंपाकघर देत नाही. पाण्याची घागर, गॅसची टाकी, धुण्याची बादली, कडेवरचं मूल, यांतलं काहीही सहा आठवडे उचलायचं नाही. गृहिणी दात्याला तर कुणाकडे अर्जच करता येत नाही. तिच्या कामाची वाटणी घरातल्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी, सगळ्यांसमोर बसून करावी. नाहीतर आठव्या दिवशी ती पोळ्या लाटताना दिसते.

७. खासगी नोकरी, कारखाना, रोजंदारी

केंद्राचे हे दोन्ही आदेश खासगी कंपन्यांना बांधील नाहीत. कुपवाड, मिरज किंवा सातारा एमआयडीसीतल्या कारखान्यात असाल तर पहिल्यांदा कंपनीचं रजा धोरण, मग युनियनचा करार पाहा. वेतनकरारात अवयवदानाचा शब्द नसला तरी "विशेष पगारी रजा व्यवस्थापनाच्या अधिकारात" अशी ओळ असते कधी कधी. ती सापडली की अर्जात तीच लिहा आणि केंद्राच्या आदेशाची प्रत आधार म्हणून जोडा. हक्क म्हणून मागता येत नसलं तरी उदाहरण म्हणून ती प्रत फार उपयोगी पडते. मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी काहीतरी समोर हवंच असतं.

ते जमलं नाही तर साठलेली रजा कामी येते. कारखान्यात साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा साठते. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे तिथे वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात आणि पगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. साखर कारखान्यात असाल आणि रुग्णाची प्रकृती थांबण्याजोगी असेल, तर गळीत हंगाम संपल्यावरची तारीख मागणं सगळ्यांच्याच सोयीचं.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल, म्हणजे पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर आजारपणाचा लाभ ७० टक्के दरानं वर्षाला ९१ दिवसांपर्यंत असतो. तो विमा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर मिळतो. शस्त्रक्रियेच्या आधीच शाखा कार्यालयात दात्याची बाजू लेखी मांडा आणि लेखीच उत्तर घ्या. दाखला दुसरीकडचा आणि डॉक्टर तिसरीकडचे झाले की दावा लटकतो.

रोजंदारीवर असणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना बिनपगारी राहावं लागतं त्या सगळ्यांसाठी, कायद्यात एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. अवयव विकणं किंवा विकत घेणं हा गुन्हा आहे; ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड. या भीतीनं लोक दात्याच्या बुडालेल्या मजुरीबद्दलही बोलत नाहीत. पण अवयव दिल्यामुळे थेट झालेला खर्च आणि बुडालेली कमाई, वाजवी प्रमाणात, भरून देणं हे त्याच कायद्यानं अवयवाच्या किमतीतून वेगळं ठेवलं आहे. म्हणजे भावाला किडनी देणाऱ्या गवंड्याच्या दोन महिन्यांच्या मजुरीची सोय भावानं केली तर तो व्यवहार ठरत नाही. मात्र लपवून करू नका. मजुरीचा पुरावा, ठेकेदाराचं पत्र, एसटीची तिकिटं ठेवा, पैसे बँकेतून द्या आणि समितीनं विचारलं तर सरळ सांगा.

रुग्णाच्या आरोग्य विम्याची पॉलिसीही उघडून बघा. बऱ्याच पॉलिसींत दात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाच्या विम्यातून मिळतो. दात्याच्या आधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं मात्र अनेकदा त्यात नसतात.

८. रुजू होताना

घरी सोडताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड दात्याच्या नावाचं, स्वतंत्र असायला हवं. कधी कधी सगळी कागदपत्रं रुग्णाच्या फाईलमध्येच जातात आणि दात्याच्या हातात काहीच राहत नाही. समन्वयकाकडून तुमची वेगळी फाईल मागा.

रुजू होण्याच्या दिवशी लागतात ते कागद असे : रुजू अहवाल, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, डिस्चार्ज कार्डाची प्रत, आणि हलक्या कामाची शिफारस असल्यास ती. शक्यतो आठवड्याच्या मध्यावर रुजू व्हा, म्हणजे दोन-तीन दिवसांत शनिवार-रविवार येतो. पहिले काही दिवस दुचाकी टाळा. सांगलीतल्या रस्त्यांवरचे गतिरोधक टाक्यांना फार जाणवतात.

पहिल्या महिन्याची पगारपत्रिका ओळीनं वाचा. विशेष नैमित्तिक रजा मंजूर असूनही हजेरीपटात ती अर्जित किंवा वैद्यकीय रजा म्हणून लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तेव्हा पगार पूर्ण येतो, त्यामुळे लक्षात येत नाही, आणि शिल्लक रजेतून दिवस गेलेले असतात. रजा लेख्याचा उतारा मागा, मंजुरीच्या आदेशाशी ताडून पाहा, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच महिन्यात द्या.

पुढे दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं असतं, आयुष्यभर. त्या दिवसांना विशेष रजा लागू नाही, म्हणून वर्षातली एक नैमित्तिक रजा त्यासाठी बाजूला ठेवते मी. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता घ्यायच्या नाहीत, हेही एक किडनी असणाऱ्यांनी पाळायचं. तुमची फाईल मात्र टाकून देऊ नका. तुमच्याच कार्यालयात पुढच्या वेळी कुणी असा अर्ज घेऊन येईल, तेव्हा अर्जाची प्रत, आदेशाची प्रत आणि आवक क्रमांक यांची झेरॉक्स त्याला देता येईल.